मोर आला की टिपा

"गाडी कधी मिळेल?" एवढा एक प्रश्न सोडला तर मास्तरांना काहीही विचारलेलं चालायचं. गुडघे कसे आहेत विचारा, माकुणसारच्या वाडीत यंदा पानवेल कशी आहे विचारा, मधल्या मुलाशी ते का बोलत नाहीत तेही विचारा. हातातलं फडकं न ठेवता ते सगळं सविस्तर सांगत. पण गाडीची वेळ विचारली की उत्तर ठरलेलं.

"झाली की."

"म्हणजे संध्याकाळपर्यंत होईल ना?"

"झाली की झाली. न झालेली न्यायची असेल तर आताच न्या."

मग गिऱ्हाईक लाल तोंडाने माझ्या टेबलाशी यायचं आणि मी वेळ सांगायचे. वेळ सांगणं हे माझं खातं होतं. कुंभवलीच्या एका कारखान्यात मी बरीच वर्षं स्टोअर्स सांभाळलं. माल कधी येणार हे विचारणाऱ्याला ठाम आवाजात काहीतरी सांगायचं असतं, नाहीतर तो टेबलावरून हलत नाही, हे मी तिथे शिकले. कारखाना बंद पडला, तेव्हा मी बोईसर-तारापूर रस्त्यावर एक पत्र्याची शेड भाड्याने घेतली आणि गाड्या धुण्याचं केंद्र काढलं. मला गाड्यांचं प्रेम वगैरे नव्हतं आणि आजही नाही. या रस्त्यावर गाड्या खूप आहेत आणि सगळ्या मळक्या असतात, एवढा साधा हिशोब होता.

मास्तर तिथे आले ते स्कूटर धुवायला. धुणाऱ्याने चाकं पुसलेलं फडकं तसंच उचलून शेजारच्या गाडीच्या टपाला लावलं आणि मास्तर जागेवरून ओरडले, "घरी पायाला आणि तोंडाला एकच टॉवेल वापरता काय?" धुणारा दुसऱ्या दिवशी काम सोडून गेला. मास्तर आले. असा बदल झाला.

मास्तर हे नाव त्यांनी स्वतःच घेतलेलं. आयुष्यात कोणाला काही शिकवलेलं नव्हतं. मुंबईत एका मोठ्या वर्कशॉपच्या रंगखात्यात उमेदीची वर्षं घालवून ते गावी परतले होते, आणि वाडीत बसून कंटाळले होते. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "बाई, नुसतं धुऊन काय होणार? कोटिंग सुरू करा. आणि मला मास्तर बोला. कामात नावाने हाक मारली की माझं लक्ष जातं."

कोटिंग म्हणजे गाडीच्या रंगावर चढवायचा एक पारदर्शक थर. बाटलीतलं द्रव्य रंगावर पातळ पसरायचं, ते धरलं की काचेसारखं कडक होतं. मग खारा वारा, ऊन, कारखान्यांची धूळ थेट रंगाला लागत नाही. सांगायला एवढंच. पण ते द्रव्य लावायच्या आधी जे काय करायचं असतं त्यात माणसाचा जीव जातो. धुवायचं, रंगात रुतलेले लोखंडाचे कण काढायचे, मातीसारख्या मऊ गोळ्याने घासायचं, मशिनने पॉलिश करायचं, पुन्हा करायचं, उजेड तिरपा धरून बघायचं, आणि मास्तर असतील तर तिसऱ्यांदा करायचं.

गिऱ्हाइकाला हे पटवायची त्यांची एक तऱ्हा होती. साधी प्लास्टिकची पिशवी घ्यायचे, त्याच्या हातावर चढवायचे आणि सांगायचे, "आता बॉनेटवरून फिरवा." नुसत्या हाताला गुळगुळीत लागणारी गाडी पिशवीतून रवाळ लागते. माणूस दचकून हात काढायचा. "आता बोला, हे आत ठेवून वर झाकण मारू काय?" मग ते लोखंड काढायचं औषध फवारायचे. पांढऱ्या गाडीवरून जांभळे ओघळ सुटायचे. मास्तर कमरेवर हात ठेवून असे उभे राहायचे, जणू ती गाडी त्यांनीच घायाळ केली आहे.

त्यांचे नियम तर विचारू नका. शेडच्या आत घड्याळ, अंगठी, पट्ट्याचं बक्कल चालायचं नाही, ओरखडा पडतो म्हणून. माझ्या बांगड्या त्यांनी पहिल्याच आठवड्यात उतरवल्या. डोक्याला तेल लावून आलेला माणूस ते दारातच वासावरून ओळखायचे. मी कोपऱ्यात गणपतीची तसबीर लावून रोज उदबत्ती लावत असे, तर एक दिवस गणपती बाहेर, नळाच्या वरच्या खिळ्यावर. "धुराने थर बसतो. देव बाहेर राहू द्या, त्याला पण वारा लागेल." शेजारी वडापावची गाडी होती. कोटिंग चालू असताना तिथे कढई चढवायची नाही, असा करार मास्तरांनी त्या भैयाशी केला होता. बदल्यात भैयाची मोटारसायकल ते स्वतः चमकवून देत. भैया रस्त्यावरून हाक मारायचा, "मास्टरजी, तेल चढाऊँ?" आतून उत्तर यायचं, "रुको. मोर नहीं आया."

आता मोर. मला वाटलं होतं हाही एक चक्रमपणा असेल. पण त्यांनी एकदा मला बोलावलं आणि खाली वाकायला लावलं. ते द्रव्य एकदम सगळीकडे लावत नाहीत. हातभर चौकोन घ्यायचा, आडवं-उभं पसरायचं आणि थांबायचं. आधी काहीच दिसत नाही, ओलं आहे एवढंच. मग कडेने एक झाक उठते. निळी, मग हिरवी, जांभळी, मोराच्या गळ्यासारखी. ती पूर्ण उठली की लगेच फडक्याने काढायचं. आधी काढलं तर थर जातो. उशीर केला तर तिथेच डाग धरतो आणि मग तो घासूनच काढावा लागतो. दमट दिवशी मोर वेगळ्या चालीने येतो, कोरड्या दिवशी वेगळ्या. आमच्याकडे समुद्राकडून वारा फिरला की सकाळचा अंदाज दुपारी उपयोगाचा नसतो.

"मोर आला की पुसा," मास्तर स्वतःलाच हुकूम द्यायचे आणि पुसायचे. प्रत्येक चौकोनाला. मोठ्याने. अख्खी गाडी होईपर्यंत शेडमधून आवाज यायचा, "आला, आला, पुसा." बाहेरून जाणाऱ्याला वाटावं आत कोणाचं तरी बाळंतपण चाललंय.

आणि एवढं करून गाडी मिळायची नाहीच. "सुकलं की आता," असं मी एकदा म्हणाले, तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी कारखान्याच्या साहेबासमोरही इतकी वरमून उभी राहिले नव्हते. "सुकतं ते चड्डी-बनियन. हे मुरतं. लोणचं घातल्या दिवशी वाढता काय?"

मुरेपर्यंत पाणी नाही, हात नाही, ऊन नाही. गिऱ्हाइकं जात होती ती याच पायी. पालघरला एक दुकान निघालं होतं. "चहा पिऊन होईपर्यंत कोटिंग" असा बोर्ड होता त्याचा. मास्तर म्हणाले, "चहा कुठे प्यायचा? काशीला?" पण गिऱ्हाइकं तिकडे जात होती आणि माझ्या शेडचा करार संपत आला होता. नवा करार करायचा की शटर ओढून पुन्हा कोणाच्या तरी स्टोअर्समध्ये जायचं, हे मला ठरवायचं होतं. मला शटर ओढायचं नव्हतं. स्वतःच्या टेबलाची सवय लागली की सुटत नाही.

अशात बोईसरच्या एका शोरूमचा मॅनेजर आला. तरुण, तरतरीत, उभ्यानेच बोलणारा. म्हणाला, "मॅडम, एक गाडी देतो. घिवलीच्या पार्टीची आहे, पांढरी. शुक्रवारी सकाळी मुहूर्त आहे, ते इथूनच गाडी घेऊन जातील. हे नीट झालं तर आमच्या सगळ्या नव्या गाड्या तुमच्याकडे. नाही तर पालघरवाला आहेच."

मी लगेच हो म्हटलं. यात विचार करण्यासारखं काही नव्हतं.

मास्तरांना सांगितलं तेव्हा मी भांडणाची तयारी करूनच गेले होते. पण ते भांडले नाहीत. त्यांनी विचारलं, "कोणाची गाडी?"

"घिवलीचे तांडेल आहेत कोणी. मासेमारीची स्वतःची बोट आहे, तेच चालवतात."

"घरात म्हातारं माणूस हाय?"

"मला काय माहीत?"

"विचारा."

मी मॅनेजरला फोन केला. आई आहेत, म्हणाला, गाडी त्यांच्याच हट्टाने घेतली. हे सांगितल्यावर मास्तर "बरं" म्हणाले आणि गाडी आली तसे पिशवीत हात घालून बॉनेटकडे वळले.

शुक्रवारी सकाळी मी शेड उघडली आणि खरं सांगते, मला गाड्यांचं प्रेम नसूनही मी दारात थांबले. ती गाडी पांढरी होती असं म्हणणं कमीच पडेल. पत्र्यांमधून आलेली उजेडाची तिरीप तिच्यावर पडून छताला लागली होती. मी मनातल्या मनात नव्या करारावर सही केली. मग पुढे गेले आणि बॉनेटच्या बरोबर मधोमध एक चौकोन दिसला. कागदी टेपने चारी बाजूंनी आखलेला. आतला रंग बाकीच्यापुढे मंद होता. तिथे कोटिंग केलेलंच नव्हतं.

मास्तर नळावर हात धूत होते.

"मास्तर, हे राहिलंय."

"राहिलं नाय. ठेवलंय."

"कशाला?"

"कळेल."

"मला आता कळायला हवं. ते लोक निघालेत घिवलीहून."

"निघू द्या. बांगड्या काढून या."

मॅनेजर आला तोही थेट टेपवर बोट ठेवायला निघाला. मास्तरांनी त्याचा हात हवेतच धरून मनगटावरचं घड्याळ दाखवलं. तो घड्याळ काढता काढता मला म्हणाला, "मॅडम, ही अर्धवट गाडी मी पार्टीला दाखवू? मुहूर्त जवळ आलाय." मी त्याला ठाम आवाजात सांगितलं की ही आमची पद्धत आहे. कसली पद्धत ते मलाही माहीत नव्हतं.

तेवढ्यात टेम्पो आला. मासळीचा टेम्पो, धुऊन आणलेला. पुढे तांडेल आणि त्याची बायको, आणि मधे आजी. नऊवारी, कपाळ मोकळं, हातात ताट. ताटात हळद, कुंकू, नारळ आणि झेंडूचा जाडजूड हार. आजी उतरल्या आणि कोणाशी न बोलता बॉनेटकडे निघाल्या. बोटं कुंकवात बुडवलेलीच होती.

मास्तर दोन्ही हात पसरून गाडीसमोर उभे राहिले.

"आजी, थांबा."

"आजी कोणाला बोलतोस रे? तुझ्या डोक्यावर पण पांढरंच हाय."

"ताई, मग. गाडीला हात नाय लावायचा. कच्ची हाय अजून."

"कुंकू नाय लावायचं?" आजींनी मुलाकडे पाहिलं, मग मॅनेजरकडे. "नाळीला कुंकू लावल्याबिगर आमी होडी पाण्यात लोटत नाय. आणि ही रस्त्यावर लोटू?"

नाळ म्हणजे होडीचं पुढचं टोक. तांडेल हळूच म्हणाला, "आये, काचेवर काढ ना." आजी त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "तुझ्या चष्म्यावर काढू?" मॅनेजर घामाघूम. मी मधे पडणार तोच मास्तरांनी हात खाली केले.

"नाळीला नाय बोलतोय कोण? जागा ठेवलीय तुमच्यासाठी. ही बघा. एवढ्यात काढा, बाहेर बोट जाऊ द्यायचं नाय."

आजी वाकल्या, चौकोन पाहिला, मास्तरांना पाहिलं. मॅनेजरने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली, पद्धत अशीच असते अशा थाटात. मग त्या चौकोनात त्यांनी स्वस्तिक काढलं. काय हात होता. एक थेंब टेपबाहेर गेला नाही. हळदीची बोटं उठवली, अक्षता टाकल्या. हार घालायला निघाल्या तर मास्तरांनी मानच पुढे केली. "गाडीवर नाय. माझ्यावर टाका, मी सांभाळतो." आजींनी खरंच त्यांच्या गळ्यात हार घातला आणि सून पदरात तोंड घालून हसायला लागली. तांडेलाने बाहेर दगडावर नारळ वाढवला. पाणी उडू नये म्हणून मास्तर हार घातलेल्या अंगाने टॉवेल ताणून गाडीपुढे उभे. वडापाववाला भैया बघायला आला होता. तो म्हणाला, "मास्टरजी, बधाई हो."

सगळं छान चाललं होतं. मॅनेजरसुद्धा हसत होता. आणि मास्तर नवं फडकं झटकून म्हणाले, "चला, आता कुंकू पुसतो."



सुनेचं हसू गेलं आणि हात कपाळाकडे गेला. तांडेलाने मान दुसरीकडे वळवली. या माणसाला परवा बोटीवर जायचं होतं. दर्यावर नवरे जातात त्या घरात, नव्या गाडीसमोर, मुहूर्तावर, पुसतो म्हणायचं आणि तेही कुंकू. मास्तरांनाही कळलं. फडकं धरलेला हात तसाच वर राहिला.   मला वाटलं संपलं. गाडी जाईल, शोरूम जाईल, शेडही जाईल. तेही कशाने, तर एका क्रियापदाने.

आजी ताट घेऊन उभ्या होत्या. स्वतःचं कपाळ मोकळं असलेल्या बाईला त्या शब्दाची किंमत आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त माहीत असणार. त्या मास्तरांकडे वळल्या. मग म्हणाल्या, "मास्तर ना रे तू? शाळेत कोणी घातला नाय तुला? पुसतात काय? टिपतात. टिपून घे, आणि फडकं मला दे, होडीवर बांधेन मी."

 मास्तरांनी फडक्याची घडी केली, स्वस्तिकावर ठेवली, वरून तळहाताने हलकेच दाबली आणि सरळ वर उचलली. स्वस्तिक फडक्यावर आलं. न घासता. सुनेने ते दोन्ही हातांत घेतलं. मास्तर मला पुटपुटले, "तसंही बरोबर हाय. कुंकवात बारीक कच असते, घासलं असतं तर ओरखडे पडले असते." चूक कबूल करायची त्यांची एवढीच रीत होती.

चौकोनात गुलाबी छाया उरली होती. पांढऱ्या गाडीवर ती लांबूनही दिसत होती. मास्तरांनी हार उलटा करून पाठीवर टाकला, टेप सोलली, छोटं मशिन घेतलं. आम्ही सगळे गोल करून उभे. छाया फिकी झाली, कडेला उरली, गेली. मग साफ करायचं द्रव्य. मग बाटली. ते वाकले आणि हार घसरून पुढे आला. एका हाताने त्यांनी तो छातीशी धरला.

"काढून ठेवा ना," मी म्हटलं.

"काढायचा नाय," आजी म्हणाल्या. "गाडीचा मान हाय तो."

"बाई," मास्तर म्हणाले, "फडकं तुमी घ्या."

इतक्या गाड्या झाल्या होत्या, पण माझ्या हातात त्यांनी फडकं कधी दिलं नव्हतं. मी घेतलं. माझ्या तळहाताला घाम आला होता. पहिलं मी माझ्या साडीलाच पुसलं. हात म्हणते, फडकं नाही.

मास्तरांनी एका हाताने आडवं पसरलं, उभं पसरलं, जुन्या थराच्या कडेवर जरासं चढवलं. शिवण दिसता कामा नये, हेच अवघड होतं. "भैया, चूल?" "बंद है." "पंखा?" मॅनेजरने धावत जाऊन बंद केला. "आता बघा. मोर येईल."

कसला मोर ते आजींनी विचारलं नाही. त्या वाकल्या, सून वाकली, तांडेल गुडघ्यावर बसला. मॅनेजरचं घड्याळ त्याच्या खिशात होतं, त्याला त्याची आठवणही नव्हती. काहीच नव्हतं. ओलसर पांढरं. दारातून समुद्राचा वारा आला आणि मास्तर दाराकडे बघून चुकचुकले. मी फडकं धरून पुढे झुकले. मी बॉनेटसमोर उभी होते, कोणाच्या शस्त्रक्रियेला नव्हे, हे मला पटत नव्हतं.

"आला," आजी म्हणाल्या. मास्तरांच्या आधी. "कडेला बघ, निळा. आला आला, सगळा आला."

"पु..." मास्तर म्हणाले, आणि थांबले. आजींकडे पाहिलं. मोर पिसारा फुलवून उभा, मी फडकं घेऊन उभी.

"टिपा," ते ओरडले.

मी टिपलं.

तिरपा उजेड धरून त्यांनी बॉनेट या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासलं. शिवण नव्हती. आजींनी हात पुढे केला तसे ते म्हणाले, "मुरायला पाहिजे. पहिल्या दिवशी दोरीवरच्या बोंबलाला कोणी हात लावला तर काय करता?"

"हात मोडते त्याचा."

"मग?"

आजींनी पदर खोचला आणि मुलाला सांगितलं, टेम्पो काढ. मॅनेजर म्हणाला, "आजी, मुहूर्त? गाडी घेऊन जायची ना?"

"मुहूर्त कुंकवाला होता, तो झाला. गाडी मुरल्यावर येईल. तुला कसली घाई, तुझं लगीन हाय काय?"

शोरूमच्या गाड्या आमच्याकडे यायला लागल्या आणि शेडचा करार मी वाढवला. प्रत्येक नव्या गाडीच्या बॉनेटवर आम्ही एक चौकोन ठेवतो. कोणी तिथे स्वस्तिक काढतं, कोणी नुसता हात ठेवतं, आणि एका माणसाने तिथे आईचा फोटो टेकवला होता.

मास्तर आता माकुणसारलाच असतात. गुडघ्यांनी उभं राहू दिलं नाही. त्यांनी शिकवलेले दोघे काम करतात, म्हणजे शेवटी ते मास्तर झालेच. मी आजही टेबलावर बसून गिऱ्हाइकांना वेळ सांगते, ठाम आवाजात. पण आतून "आला" ऐकू आलं की बोलणं अर्धवट सोडून, बांगड्या टेबलावर काढून ठेवून मी आत धावते. समोरच्या माणसाला वाटतं, आत काहीतरी घडलं. घडतच असतं.

"टिपा," मी दारातूनच ओरडते.